मुरुडची हळद, चौलची रुई

परत आल्यावर स्टाफरूममध्ये मला कुणी समुद्राबद्दल विचारलं नाही. सगळ्यांनी गालांबद्दल विचारलं. गाल तोवर बरेच फिकट झाले होते, पण कानांच्या मागे आणि नखांच्या कडांना पिवळेपणा टिकून होता, आणि आमच्या वाशिमकडच्या तालुक्याच्या गावात एवढ्यावरून माणसं बरंच काही ठरवतात. प्राचार्यांनी अभिनंदन केलं. शिपायानं पेढे मागितले. प्रत्येकाला निराळं सांगत बसण्यापेक्षा झालं ते एकदा सलग लिहून काढावं, म्हणून हा खटाटोप.

मी अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवतो. संस्कृती, विवाह, कुटुंब आणि सामाजिकीकरण हे माझे हातखंडा धडे. एकदा फळ्यावर अंतर्विवाह आणि बहिर्विवाह यांतला फरक मांडत होतो, तेव्हा बारावीतली साक्षी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे सारं तुम्ही कुठं पाह्यलं?"

"पुस्तकात," मी म्हणालो.

"मग आमीबी पुस्तकातच पाहून घेऊ न."

वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी जाताना ते बोचत राहिलं. माझं वय चाळिशीपलीकडचं आणि मी अविवाहित, हे वर्गाला माहीत होतं. साक्षीनं ते काढलं नव्हतं, तरी मला ते ऐकू आलं. त्या हिवाळ्यात मी अभ्यास-सहलीचा प्रस्ताव दिला: रायगडच्या किनाऱ्यावर जायचं, आपल्यापेक्षा निराळ्या लोकांचं लग्न प्रत्यक्ष पाहायचं. सोबत भूगोलाच्या काळमेघ मॅडम निघाल्या. त्या इतकी वर्षं भरती-ओहोटी शिकवत होत्या आणि समुद्र त्यांनी कधीच पाहिला नव्हता.

मुरुड

आम्ही पोचलो तेव्हा नेमकी ओहोटी होती. लॉजमध्ये बॅगा टाकून मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन तडक किनाऱ्यावर गेल्या. समोर ओल्या वाळूचं मैदान आणि फार लांब एक चकाकती रेघ.

"समुद्र कुठाय?" मॅडमनी विचारलं.

"ओहोटी आहे, मॅडम."

"ते मला कळतं, सर. पण आजच?"

लॉजचे मालक इक्बालचाचा मागून येत होते. पांढरी दाढी, चौकड्याची लुंगी, हातात चाव्यांचा जुडगा. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, संध्याकाळपर्यंत येईल. रोज येतो."

जेवणात आमच्या मुलांची परीक्षा झाली. एकानं तळलेला बांगडा पुरीसारखा मधोमध चावला आणि मग बराच वेळ तोंड उघडं ठेवून बसला. तांदळाची भाकरी पाहून साक्षी म्हणाली, "सर, ही भाकर आजारी हाय काय? इतकी पांढरी काहून?" मॅडम शाकाहारी. त्यांनी तीन दिवस भात आणि सोलकढी यांवर काढले, आणि दोन्हींबद्दल एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या त्या फक्त वासाबद्दल.

आम्ही कशासाठी आलो हे ऐकल्यावर इक्बालचाचांनी फोन लावला. त्यांचा जुना दोस्त काशिनाथ नाखवा. नाखवा म्हणजे होडीचा मालक. जवळच्याच कोळीवाड्यात त्याच्या मुलीचं, दीप्तीचं, लग्न त्याच आठवड्यात होतं. उद्याचा दिवस तयारीचा, परवा हळद, तेरवा लग्न. "पोरांना लगीन बघायचाय ना? मग पुस्तकं इथं ठेवा आणि जावा," चाचा म्हणाले. "आमच्यात निकाह पटकन उरकतो, जेवणच लांबतं. त्यांच्यात सगळंच लांबतं. तुम्हाला शिकायला बरं."

कोळीवाडा

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा कोळीवाड्याच्या तोंडाशी बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते, ओळीनं, शेपट्या खाली. आमच्या एका मुलानं विचारलं की ही लग्नाची तोरणं का. शेजारी जाळं विणणारा म्हातारा हसून हसून खोकायला लागला आणि त्याला पाणी द्यावं लागलं. आमचा प्रवेश असा झाला.

नाखव्याच्या दारात झावळ्यांचा मांडव होता. दीप्ती स्वतः मांडवातच खुर्ची टाकून बसली होती. पनवेलला नोकरी करणारी, चटपटीत मुलगी. तिचा होणारा नवरा महेश चौलचा, दोघांची ओळख कॉलेजातली. मुलांनी तिच्याभोवती घोळका केला.

"ताई, मग हा प्रेमविवाह की ठरवून केलेला विवाह?" साक्षीनं विचारलं.

"प्रेम आमी केलं, ठरवलं घरच्यांनी," दीप्ती म्हणाली. "आता दोघांनाही वाटतंय की आपणच केलं. तसंच राहू दे."

पाठ्यपुस्तकात हा प्रकार नव्हता. दीप्तीच्या आईनं सांगितलं की त्यांच्या सासूच्या काळात नवऱ्याकडचे लोक मुलीच्या बापाला देज द्यायचे. आमच्याकडचा एक मुलगा गोंधळला. "म्हणजे उलटा हुंडा?"

"उलटा तुमचा," दीप्तीची आई म्हणाली. "आमचा सरलच व्हता."

मला फार आनंद झाला. हेच तर मी वर्गात ओरडून सांगत असतो, की आपल्याला जे स्वाभाविक वाटतं ते फक्त सवयीचं असतं. त्या आनंदाच्या भरात माझं पुढचं सगळं चुकलं.

हळद कशी लावतात ते आमच्या मुलींना पाहायचं होतं. हळद उद्या, आणि उद्याच्या गर्दीत काही दिसणार नाही, म्हणून बायका म्हणाल्या, आताच दाखवतो, कुणालातरी पाटावर बसवा. मुलांमध्ये ढकलाढकली सुरू झाली. काळमेघ मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. "विद्यार्थी कुणी बसणार नाही. शाळेत शिकणाऱ्या मुलांना हळद, गंमत म्हणूनसुद्धा नाही." ते अगदी बरोबर होतं. मग उरलो मी. मी शर्टाच्या बाह्या दुमडून पाटावर बसलो.

बायका आंब्याच्या पानांनी हळद लावत होत्या आणि मी शिकवत होतो. हा संक्रमणविधी आहे, व्यक्ती एका भूमिकेतून दुसरीत जाते, मधल्या काळात ती कुठलीच नसते, म्हणून तिला जपायचं असतं. मुलं लिहून घेत होती. वाड्यातले चारदोन जण फोनवर चित्रण करत होते. बायकांना चेव आला आणि त्यांनी गाणं धरलं.

त्या गाण्याच्या आवाजानं बायजाआजी आली. ती धवलारीण. इकडच्या लग्नांत भटजीच्या आधी तिचा मान. एकेक विधी ती गाऊन पार पाडते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ती गायली की विधी झाला. आजी ठेंगणी, कासोटा घातलेली, आणि कानांनी अधू. तिनं मांडवात हळद लागलेला पुरुष पाटावर बसलेला पाहिला, पदर खोचला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गायला लागली. तिला कुणी थांबवलं नाही, कारण आवाज असा होता की थांबवायचं कुणाला सुचलंच नाही. मधेच तिनं वाकून मला काही विचारलं, मला ते माझं नाव विचारल्यासारखं वाटलं, मी नाव सांगितलं. ते तिनं पुढच्या ओळीत घातलं. मग गावच्या देवीचं नाव घेतलं.

गाणं संपवून तिनं आजूबाजूला पाहिलं. "नवरी कंची?"

दीप्तीची आई तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "आजी, ह्यो मास्तर हाय. पोरांना दाखवाला बसलेला."

"बसलेला ना?"

"हां."

"हलद लागली ना?"

"लागली."

"मी देवीचा नाव घेतला ना?"

दीप्तीची आई हळूच मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसली.

"मंग झाला," आजी म्हणाली. "आता ह्याचा लगीन लावा. एका मांडवात दोन हलदी. पयलीचा लगीन न्हाय झाला तं दुसरी लावाची कशी?"

साक्षीनं पेन बंद केलं. "सर," ती म्हणाली, "तुम्ही तर अटकले न."

मी हसून उठलो आणि तोंड धुवायला निघालो, तर नाखव्यानं मला दंडाला धरून परत बसवलं. अतिशय नम्रपणे. हळद लागलेल्या नवऱ्यानं तोंड धुवायचं नाही, गावाची शीव ओलांडायची नाही, आणि हातात लोखंड धरायचं. आमच्याकडे कट्यार किंवा अडकित्ता देतात. त्या घरात मासे कापायची सुरी होती. तिच्या टोकाला लिंबू खोचून ती माझ्या हातात दिली. मी समाजशास्त्राचा माणूस; दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर करावा, हे मीच मुलांच्या गळी उतरवलेलं. त्या मुलांदेखत पळून जाण्याची सोय नव्हती.

मॅडम मुलांना घेऊन लॉजवर परतल्या. मी नाखव्याच्या पडवीत राहिलो. इक्बालचाचा माझे कपडे आणि दातांचा ब्रश घेऊन आले, माझ्याकडे आणि सुरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, काय नाय होणार. लोक दिलानं चांगले आहेत." मग जरा थांबून, "ब्रश चालतो का हळदीत, ते मात्र विचारून घ्या."

दर्यामार्गे

सकाळी मांडवात जाणती माणसं जमली. मला वाटलं, आता परंपरा काय सांगते ते कळेल. परंपरेला काहीच माहीत नव्हतं, कारण असं आधी घडलंच नव्हतं. एक म्हणाला, समुद्रात तीन बुड्या मारल्या की हळद उतरते. दुसरा म्हणाला, मग ती दर्याला लागते आणि बोटी बाहेर काढायच्या नाहीत. फोनवरून भटजींना विचारलं. ते म्हणाले, संकल्प सोडला नाही, तेव्हा काही झालंच नाही. यावर बायजाआजी म्हणाली की तिच्या आईनं लावलेल्या लग्नांत भटजी जेवणाच्या वेळेला यायचे. मॅडम मुलांसह पोचल्या होत्या. मुलं प्रत्येकाचं म्हणणं टिपत होती. साक्षीनं मला हळूच विचारलं, "सर, हे सामाजिकीकरण कोणाचं चालू हाय? ह्या लोकायचं का तुमचं?"

एवढ्यात दीप्तीचा फोन वाजला, आणि तिथून गंमत संपली.

कालचं चित्रण कुणीतरी पुढे पाठवलं होतं आणि ते चौलला पोचलं होतं. मांडव दीप्तीचा, मागे दीप्ती हसत उभी, गाणं धवलारणीचं, आणि पाटावर हळद लागलेला एक अनोळखी पुरुष. महेशला वडील नव्हते. घरात शब्द चालायचा तो गजाननकाकांचा. काकांचा आवाज फोनमधून सगळ्यांना ऐकू येत होता. "आमच्या सुनेच्या मांडवात दुसराच नवरा बसलाय, तो कोन हाय ते मला कलल्याबिगर आमची हलद लागाची नाय."

दीप्तीनं समजावून पाहिलं. महेशनं मधे बोलून पाहिलं. काकांनी फोन ठेवला. दीप्ती घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं, पण डोळे लाल होते. ती माझ्यासमोर उभी राहिली. "सर, तुमी चला. काका फोनवर ऐकायचे नाहीत. तुमाला बघितलं तर ऐकतील."

मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या एका तासिकेपायी या मुलीचं लग्न मोडत होतं. पुस्तकात मी याला 'सामाजिक संस्थेवरील ताण' म्हणतो. तिथं मांडवात त्याला दुसरं काही नाव सुचलं नाही. मी उठलो.

"शीव," बायजाआजी म्हणाली.

हळद लागलेल्यानं शीव ओलांडायची नाही. चौलचा रस्ता शिवेवरूनच जातो. पुन्हा सगळे बोलायला लागले. मग काशिनाथ नाखवा म्हणाला, "दर्याला कंची शीव? बोटीनं नेतो."

मॅडम मुलांना घेऊन एसटीनं निघाल्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा होडीत चढलो, तोंडाला हळद, हातात सुरी, सुरीला लिंबू. बायजाआजी सोबत आली. कोर्लईचा डोंगर दिसेपर्यंत मी तग धरला. त्यानंतर लिंबू मी हुंगण्यासाठी वापरलं. नाखव्यानं ते पाहिलं, पण समुद्राकडे तोंड फिरवून घेतलं.

इंजिनाच्या आवाजात आजीनं मला ओरडून विचारलं, "लगीन का न्हाय केलास?"

मी ओरडून सांगायला लागलो. आधी बहिणीचं व्हायचं होतं, मग नोकरी कायम नव्हती, नोकरी कायम झाली तेव्हा मुलीकडचे वय विचारू लागले. मग विचारणंही थांबलं. एवढं सगळं मी आजवर कुणाला सलग सांगितलं नव्हतं, आणि सांगत होतो ते अशा बाईला जिला त्यातलं अक्षरही ऐकू जात नव्हतं. माझं संपल्यावर तिनं मान डोलावली. "मंग आता तरी कर," ती म्हणाली.

चौल

चौलला लागूनच असलेल्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर मॅडम आणि मुलं आधीच पोचली होती. आम्ही पायी निघालो, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून चिरेबंदी कुंपणांची गल्ली. वाटेत भेटणारा प्रत्येक जण बाजूला होऊन आम्हाला जागा देत होता. मला ते आदरातिथ्य वाटलं. मॅडम म्हणाल्या, "सर, सुरी जरा खाली धरा."

गजाननकाका घराला विजेच्या माळा लावत शिडीवर उभे होते. अंगात बनियन, झुपकेदार मिशा. ते खाली उतरले आणि माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं. माझा चेहरा तोवर पिवळा कमी आणि हिरवा जास्त होता.

"तुमीच का तो?"

"मी तो नाही," मी म्हणालो, "पण मीच आहे."

मी सगळं सांगितलं. साक्षीनं साक्ष दिली, मॅडमनी ओळखपत्र दाखवलं. महेश दारात उभा राहून हात जोडत होता, काकांना की मला ते कळत नव्हतं. काकांना ते पटलंही असावं, कारण राग उतरलेला दिसत होता. पण राग उतरल्यावर त्यांना नवीन शंका आली.

"ते सगला बरोबर. पण हलद लागली ना तुमाला? मंग नवरी कोन?"

आजीला हा एक प्रश्न बरोबर ऐकू आला. ती जागेवरून उठली, वाडीच्या कडेला गेली आणि कुंपणाजवळच्या रुईच्या झुडपावर हात ठेवून उभी राहिली. "ही."

रुईशी लग्न लावण्याचा जुना प्रकार आहे. पत्रिकेत काही दोष असला की खऱ्या लग्नाआधी लावतात. मी तो कधीतरी वाचला होता आणि मुलांना एका ओळीत सांगून पुढे गेलो होतो. आता सगळे माझ्याकडे पाहत होते. दुपार कलत होती, दोन घरांच्या हळदी अडकल्या होत्या. मी हो म्हणालो.

"थांबा," गजाननकाका म्हणाले. "रुई माज्या वाडीतली हाय. मला न विचारता तिचा लगीन कोन ठरवतो?"

त्यांनी मला ओट्यावर बसवलं, समोर स्वतः बसले. नोकरी कायम का? कायम. घर स्वतःचं का? स्वतःचं. दारू? नाही. आई-वडील? आई आहे. त्यांचा आवाज गंभीर होता आणि मीही सावरून बसलो होतो. अनेक वर्षांत मला कुणी हे प्रश्न विचारले नव्हते. काका माझ्या उत्तरांवर विचार करत राहिले, आणि खरं सांगतो, मला धाकधूक वाटत होती.

"पोरगा बरा हाय," अखेर ते नाखव्याला म्हणाले. "जरा लांबचा हाय, पन बरा हाय."

मग लगबग झाली. महेशच्या आईनं रुईला हळद लावली, बुंध्याला हिरव्या बांगड्या बांधल्या. वरमाय म्हणून काळमेघ मॅडमना पुढे केलं. त्या आधी संकोचल्या, पण एकदा पाय धुवून घेतल्यावर त्यांच्यात काहीतरी संचारलं. चहा आधी मुलांना दिला म्हणून त्या रुसल्या. मला वाटलं, थट्टा करतायत. त्या थट्टा करत नव्हत्या. काकांना हात जोडून त्यांची समजूत काढावी लागली, आणि कपबशी बशीसकट बदलून आणावी लागली.

अंतरपाट म्हणून आमच्या मुलांनी टॉवेल धरला. मंगलाष्टकं आमच्याच मुलांनी वऱ्हाडी चालीत म्हटली, धवला आजीनं गायला, आणि दोन्ही एकाच वेळी चालू होती. दुसऱ्या कडव्याला टॉवेलपलीकडे खसखस झाली. कुंपणातून एक शेळी घुसली होती आणि नवरीची डावी फांदी खात होती. आमची मुलं म्हणायची थांबली. काका हातातल्या अक्षतांसकट शेळीच्या मागे धावले आणि गल्लीच्या टोकापर्यंत तिला शिव्या देत गेले. परत आले ते धापा टाकत. त्यांनी खाल्लेल्या फांदीवरून हात फिरवला. "लागला का गं?" असं काहीतरी ते पुटपुटले. कुणी हसलं नाही.

कन्यादानाला त्यांनी पाण्याची धार सोडली. "मला दोन पोरगेच," ते मला म्हणाले. "ह्या पानी माज्या हातून सुटाचा नव्हता." आणि बनियनच्या काठानं त्यांनी डोळे पुसले. साक्षी लिहायची थांबली होती. मीही हातातली सुरी कुठे ठेवावी ते न कळून उभा होतो.

लग्न लागलं. मग आजीनं कोयती मागवली आणि माझ्या हातात दिली. "तोड आता."

रिवाज तसाच आहे. लग्न लागलं की झाड तोडायचं. दोष झाडाबरोबर जातो आणि माणूस मोकळा होतो. मी रुईकडे पाहिलं. छातीएवढं झुडूप, जांभळट फुलं, एक फांदी अर्धी. काका माझ्या आणि तिच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"माजी पोरगी हाय," ते म्हणाले.

"तोडल्याबिगर मोकला न्हाय व्हनार," आजी म्हणाली.

"हळद तर उतरली ना?" मी विचारलं. "लग्न झालं म्हणजे उतरली?"

आजीनं हे दोनदा विचारून घेतलं आणि विचार केला. "उतरली. पन तू लगीन झालेला व्हशील."

माझ्यासमोर दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. दीप्तीच्या लग्नाला आता कशानंच अडत नव्हतं. प्रश्न माझ्या एकट्याचा होता. मी कोयती आजीला परत दिली. "राहू दे," मी म्हणालो. "आहे ते बरं आहे."

काकांनी मला मिठी मारली. माझी हळद त्यांच्या बनियनला लागली. मग ते नाखव्याकडे वळले. "काशिनाथ, ह्यो आता आमचा जावय, आनि तुमच्या मांडवातनं आलेला. म्हंजे आपली दोन्ही बाजूनं सोयरीक. आता लगीन मोडाचा कसा?"

त्या संध्याकाळी दोन्ही घरी हळदी लागल्या. दुसऱ्या दिवशी दीप्ती आणि महेश यांचं लग्न थाटात झालं. बेंजोवर आमची मुलं अशी नाचली की नाखव्याचे पाहुणे त्यांना वाट करून देऊ लागले. मला जावई म्हणून पाटावर बसवून वाढलं. घोळ माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात पडला आणि काटे काकांनी स्वतः काढून दिले. निरोपाच्या वेळी दीप्ती आईच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्यापाशी आली आणि पाया पडता पडता हसायला लागली. "सर, तुमचं आधी झालं," ती म्हणाली. "मान तुमचा." मॅडमना वरमायेचं लुगडं मिळालं. त्यांनी ते नाही-नाही म्हणत घेतलं आणि गाडीत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

घरी

आईला मी घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती अंगणात गहू निवडत होती. स्थळं बघायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं आणि त्यावर आम्ही बोलत नसू. तिनं सगळं ऐकून घेतलं, सूप थांबवलं नाही.

"कोण्या गावची?" तिनं विचारलं.

"चौलची. समुद्राजवळ."

"सासरा काय करते?"

"सुपारीची वाडी आहे."

"माणूस कसा हाय?"

"लग्नात रडला."

"मंग चांगला हाय." ती पुढे बराच वेळ खडे वेचत राहिली. मला वाटलं, विषय संपला. मग म्हणाली, "उन्हाळ्यात जाऊन येऊ. तिकडं पाणी घालते न कोणी तिले?"

"घालतात."

ती उठली, गुडघ्यांवर हात टेकून आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक हिरवी जरीची साडी होती, घडीवर पांढरी पडलेली. ती कधी घेतली होती, कुणासाठी, हे मी विचारलं नाही. तिनं साडी माझ्यासमोर धरली.

"उंची केवढी हाय तिची?"

मी माझ्या छातीशी हात धरून दाखवला. आईनं हाताकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, आत जाऊन ती परत ठेवली, आणि एक खणाचं कापड घेऊन आली.

"एवढीले हा पुरते," ती म्हणाली.